मढ्याच्या वाटेवरची रास

ग्लेन उरखन, १८ एप्रिल १९९३

बेथिया,

नाही, सतरा कप माझ्याकडे नाहीत. तू कप मागितले नाहीस, ठाऊक आहे मला, पत्र दोनदा वाचलं तुझं. पण सतरा बायका दारात उभ्या राहिल्या की चहा करावाच लागतो. मग एकीला दूध नको, एकीला साखर नको, आणि एकीला नुसतं गरम पाणी हवं. ओळखते मी त्यांना. उन्हाळ्यात दर आठवड्याला एखादी टोळी उगवतेच. रंगीत जाकिटं, हातात काठ्या, आणि पाय बघावेत तर माझ्यापेक्षा धडधाकट.

'बघण्यासारखी ठिकाणं कळवा' म्हणे! तुझा जन्म इथला. पर्थला जाऊन बँकवाल्याशी लग्न केलंस म्हणून विसरलीस होय? पूल होता तिथेच आहे. उभा दगड उभाच आहे, फारकरच्या गाई त्याला पाठ घासतात. बिनछपराच्या प्रार्थनाघरावर कुणी छप्पर घातलेलं नाही. टेलिफोनची लाल खोली आहे, तिच्यात मागच्या वर्षी मेंढी व्याली. झालं. एवढ्यासाठी पर्थहून गाडी करून यायचं असेल तर या आणि जा.

मढ्याच्या वाटेवरून चालायचं म्हणतेस, ते मात्र नको. तुझ्या बायकांना सांग, ती फिरायला केलेली वाट नाही. मोटारीचा रस्ता नव्हता तेव्हा या खोऱ्यातलं मेलेलं माणूस त्याच वाटेने खिंडीपलीकडे पुरायला न्यायचे. खांदेकरी दमले की पेटी टेकवायचे आणि टेकवली तिथे दगडांची रास करायचे. त्या वाटेवर जेवढ्या राशी तेवढी माणसं. त्यांवर बसून सँडविच खाल्लेलं मला चालणार नाही.

टॉर्किलची कबर दाखवायची असेल तुला, तर मोटारने खिंडीला वळसा घालून जा. तुझ्या आईने बसवलेला दगड आहे तिथे. 'लाडका मुलगा' असं कोरलंय. कुणाचा नवरा होता ते कोरायला जागा उरली नव्हती वाटतं.

मर्डिना


पर्थ, २७ एप्रिल १९९३

मर्डिना वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. आमच्या फिरणाऱ्या बायकांच्या मंडळात वाचून दाखवणार होते, पण मग घडी घालून ठेवून दिलं.

चहा आम्ही थर्मासमधून आणतो. तुमच्या कपांना कुणी हात लावणार नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या आहेत, सगळ्या चर्चमधल्या आहेत, आणि कुणाच्या कबरीवर बसून खायची कुणालाही सवय नाही. ती वाट सरकारी नकाशात आहे. तिच्यावरून चालायला तुमची परवानगी लागत नाही, तरी मी रीत म्हणून कळवलं. वहिनीला न कळवता गावात कसं जायचं, असं मला वाटलं. माझंच चुकलं.

आईच्या दगडाबद्दल आई गेल्यावर किती वर्षं बोलणार आहात?

आम्ही जूनच्या दुसऱ्या शनिवारी येतोय. टॉर्किल माझा भाऊ होता. त्याला न्यायचं होतं त्या दिवशी बर्फाने गाड्या बंद होत्या, मी पर्थच्या स्टेशनावर बाकड्यावर बसून राहिले, हे तुम्ही सोयीने विसरता. त्या वाटेवर माझं एक काम राहिलेलं आहे. ते काय, ते तुम्हाला सांगायची गरज मला वाटत नाही.

बेथिया


ग्लेन उरखन, ५ मे १९९३

बेथिया,

या मग. मी घरी नसेन. घरी असले तरी नसेन. या खोऱ्यात कुणी दाराला कुलूप लावत नाही, त्यामुळे किल्ली शोधायला लागली. सापडली.

म.


पर्थ, २० जून १९९३

मर्डिना वहिनी,

आभाराचं पत्र लिहायची आमच्याकडे पद्धत आहे म्हणून लिहिते. दार बंद होतं. पडदा हलला तो वाऱ्याने हलला असेल. खिडकीही बंद होती म्हणा.

बायका मात्र फार खूष झाल्या. पुलावर सगळ्यांचा फोटो काढला. मिसेस अबर्नेथींना उभा दगड इतका आवडला की त्यांनी त्याला मिठी मारली, मग जाकीट धुवावं लागलं, गाईंचं तुम्ही लिहिलं होतंत ते मी त्यांना सांगायला विसरले. चिलटांनी आम्हाला फोडून काढलं. म्हातारा आयव्हर भेटला. काठी टेकत कुंपणाशी आला आणि म्हणाला, "एवढ्या बायका एकदम मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. आता मेलो तरी चालेल."

आणि माझं कामही झालं. आता सांगायला हरकत नाही.

खिंडीत सगळ्यात वर जी मोठी रास आहे ना, तिथे टॉर्किलला टेकवलं होतं. बाबांनी आईला सांगितलं होतं, आईने मला. इतकी वर्षं माझ्या मनात होतं की त्याच्यासाठी एक दगड आपण आपल्या हाताने ठेवावा. मी बायकांना त्याच्याबद्दल सांगितलं: लांबणारं हसणं, एकोणतिसाव्या वर्षी मेंढ्यांच्या मागे हिमवादळात गेला, छातीत थंडी भरून आठवड्यात संपला. मिसेस अबर्नेथींनी स्तोत्र म्हटलं. मग प्रत्येकीने दोन-तीन लहान दगड राशीवर ठेवले.

वर सुटे दगड मिळत नाहीत. म्हणून खाली ओढ्याजवळ एक छोटासा विसकटलेला ढीग होता, त्यातले घेऊन आम्ही वर चढलो. पांढरा होता तो मी घेतला. पिशवीत घातला नाही, हातात धरून नेला. छाती फुटायची वेळ आली, पण नेला. आता तो सगळ्यात वर आहे, खालून रस्त्यावरूनही दिसतो. फोटो सोबत पाठवते.

आता त्याला शोभेल अशी रास झाली. तुम्हालाही बरं वाटेल.

बेथिया


ग्लेन उरखन, २४ जून

बेथिया,

फोटो मिळाला. फाडला नाही, कारण त्यात पुरावा आहे.

तो विसकटलेला ढीग टॉर्किलचा होता.

काल वर जाऊन आले. ओढ्यापाशी पिवळ्या गवताचा एक गोल राहिलाय, त्यात किडे वळवळतायत. बाकी काही नाही. सतरा बायका, सतरा पिशव्या. एक तुकडासुद्धा मागे ठेवला नाहीत. झाडून नेलात.

तुला सांगते, म्हणजे तुझ्या स्तोत्रवालीलाही सांगता येईल. त्याला नेलं तेव्हा मी घराच्या कोपऱ्याशी उभी राहिले, पेटी वळणाआड जाईपर्यंत. मग आत गेले. बायकांनी पुढे जायचं नाही, अशीच रीत होती तेव्हा. माणसं अंधार पडता परत आली, मी त्यांना रस्सा वाढला, आणि वाढता वाढता विचारलं, कुठे टेकवलात त्याला? धाकटा ह्यू म्हणाला, ओढ्याजवळ, पांढऱ्या दगडापाशी. बर्फ वितळल्यावर मे महिन्यात मी गेले. रास होती. पांढरा दगडही होता. तेव्हापासून दर मे महिन्यात जाते आणि एक दगड ठेवते. कबरीवर माझं नाव नाही, तुझी आई माझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही. मला तेवढीच जागा होती. तिचं काय केलंस तू? उचलून नेऊन खिंडीत ठेवलीस, जिथे येणारा-जाणारा केळ्याचं साल टाकतो.

शोभेल अशी रास म्हणे! त्याला शोभा कधी लागत नव्हती. लग्नातसुद्धा त्याने आयव्हरचे बूट घातले होते.

दगड परत आण. सगळे. तुझ्या त्या बायकांना घेऊन ये किंवा नको घेऊन येऊस, मला त्याचं काही नाही.

मर्डिना


पर्थ, २ जुलै

वहिनी,

आता 'तुम्ही' म्हणणं बस झालं. सरळ विचारते. मला कसं कळणार होतं? तू कधी बोललीस का? मी येते म्हणाले तेव्हा तू कपांबद्दल लिहिलंस, गाईंबद्दल लिहिलंस, मेंढी कुठे व्याली ते लिहिलंस. 'ओढ्याजवळच्या राशीला हात लावू नका' एवढी एक ओळ लिहायला तुझी शाई संपली होती? का आम्हा लोकांना कळू द्यायचं नव्हतं? आमची कबर, तुझी रास, असा हिशेब होता का?

आणि ओढ्याजवळ कशावरून? ह्यू तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला, आणि आल्या आल्या दोन ग्लास घेतलेला असणार. माझे बाबा स्वतः पेटीच्या डोक्याच्या बाजूला होते. ते आईला खोटं सांगतील? तू तिथे नव्हतीस. तू घरी पावाला लोणी लावत होतीस. मी स्टेशनावर होते. आपण दोघी सारख्याच अडाणी आहोत यात.

आईच्या दगडाचंही ऐक, कारण तू पंधरा वेळा काढतेस. मी तिच्या पाया पडले होते तुझ्या नावासाठी. ती म्हणाली, "पोरगी तेवीस वर्षांची आहे, उद्या दुसरं लग्न करेल, मग दगडावर परक्याच्या बायकोचं नाव." तू केलं नाहीस. तिचं चुकलं. पण पोटात वाईट काही नव्हतं तिच्या.

खांदेकऱ्यांतला आयव्हर एकटा उरलाय. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो. त्याला विचार. तो म्हणेल तसं मी करेन. ओढा म्हणाला तर माझ्या हाताने सगळे दगड खाली आणीन. खिंड म्हणाला तर तू वर येऊन त्या राशीला नमस्कार करायचा आणि पुन्हा मला काही बोलायचं नाही.

बेथिया


ग्लेन उरखन, ३० जुलै

बेथिया,

उशीर झाला. गवत कापायचं होतं. खोटं बोलत नाही, गवत खरंच होतं. पण दोन दिवसांचं काम होतं ते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी आयव्हरकडे गेले होते. तो चुलीपुढे पाय पसरून बसला होता, कुत्रा पायांवर. मी म्हटलं, "आयव्हर, टॉर्किलला कुठे टेकवलात?"

तो म्हणाला, "चहा घेणार?"

"चहा नको. कुठे?"

"बस तरी."

"मी उभी राहूनच ऐकते. ओढ्याजवळ का खिंडीत? पर्थच्या वन्संबाईंना कळवायचंय."

त्याने कुत्र्याला खाली ढकललं. म्हणाला, "मर्डे, त्या दिवशी बर्फ किती होतं?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? तू होतास वर."

"मांडीपर्यंत होतं. खिंडीत कमरेपर्यंत. पेटी खाली टेकवली असती तर घसरत थेट तळ्यात गेली असती, आणि मग आम्ही तुला काय तोंड दाखवलं असतं? आणि दगड? दगड आणणार कुठून? सगळं खोरं पांढरं होतं. मला स्वतःचे बूट दिसत नव्हते."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. टेकवलाच नाही. चालता चालता खांदे बदलले. एक बाहेर, एक आत, पेटी हलत राहिली. कबरीपर्यंत टॉर्किल जमिनीला लागलाच नाही. तुझा सासरा तर शेवटी रडत होता, दुखून का दुःखाने ते मी विचारलं नाही."

"ह्यू ओढ्याजवळ म्हणाला होता."

"तू रस्सा वाढत होतीस. डोळे असे होते तुझे. काहीतरी उत्तर द्यायला पाहिजे होतं. पोरगं घाबरलं, तोंडाला आलं ते बोललं. आम्ही बाकीचे वाडग्यात बघत राहिलो. आणि तुझ्या सासूने आपल्या घरी तेच विचारलं असणार. दोन बायकांनी दोन चुलींपाशी विचारलं, दोघींना दोन उत्तरं मिळाली."

"मग ओढ्याजवळची रास कुणाची?"

"मेंढक्यांची असेल. कुंपणाच्या भिंतीचे उरलेले दगड. मला काय माहीत? खिंडीतली तर माझ्या आजोबांच्याही आधीची आहे."

"आणि इतकी वर्षं मी दगड घेऊन जाताना तू खिडकीतून बघत होतास?"

तो म्हणाला, "हो." मग म्हणाला, "कुठल्या वर्षी सांगायला हवं होतं, तूच सांग."

त्याच्या तोंडावर दार आपटून आले. दार त्याचंच होतं, बिजागरी निखळली, परवा जाऊन बसवून दिली. बोलले नाही त्याच्याशी.

बर्फ मीही पाहिलं होतं बेथिया. दारासमोरचं मीच उपसलं होतं, पेटी बाहेर काढता यावी म्हणून. फावडं घेऊन तासभर.

तेव्हा तुझा बाप खोटं बोलला आणि ह्यूही. तू जिंकली नाहीस, मीही नाही. दोन्ही राशी दुसऱ्याच कुणाच्या. तरी दगड परत आण. ओढ्याजवळचे वरचे बरेचसे मी ठेवलेले आहेत, ते कुणाच्या बापाचे नाहीत. ऑक्टोबरात ये, नेचे सुकून खाली बसल्यावर, म्हणजे पाय कुठे पडतो ते दिसतं. एकटी ये. काठ्या आणू नकोस.

मर्डिना


पर्थ, ११ ऑगस्ट

वहिनी,

पत्र वाचता वाचता माझं चुलीवरचं भांडं करपलं. नवऱ्याने विचारलं काय झालं, मी म्हटलं माझा बाप खोटं बोलला आणि मला त्याचा राग येत नाहीये. त्याला काही कळलं नाही. तो पर्थचा आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारच्या टपालगाडीने येते. दार उघडं ठेव, नाहीतर पायरीवर बसेन आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला मी कोण ते सांगेन.

कबरीच्या दगडावर खाली एका ओळीची जागा आहे. पाथरवटाला विचारलंय. तुला नको असेल तर नको. मी फक्त जागा आहे एवढं सांगते.

बेथिया


ग्लेन उरखन, २५ ऑक्टोबर १९९३

बेथिया,

तुझा हातमोजा इथे राहिलाय. डावा. सोबत पाठवते. तुझं पत्र मिळालं, सोबतचं मंडळाचं छापील पानही, ते आयव्हरनेही वाचलं. त्यात लिहिलंयस, 'दोघींनी मिळून शांत चित्ताने एक सुंदर जागा निवडली.'

बाई, कशाला? मी तिथे होते.

सकाळी तू टपालगाडीतून उतरलीस ती पातळ बुटांत. मी बोलले. तू म्हणालीस, "हे चामड्याचे आहेत." मी म्हटलं, "मेंढीही चामड्याचीच असते, म्हणून काही ती नाच करत नाही." मग माझे रबरी बूट तुला दिले, ते दोन नंबर मोठे, दिवसभर फदफद वाजत होते. आयव्हरने मासळीची रिकामी पेटी दिली, दोन्ही बाजूंना धरायला भोकं असतात ती. खिंडीत चढलो. पांढरा दगड लगेच सापडला. बाकीचे ओळखायला वेळ लागला. ज्यांच्या खालच्या बाजूला माती आणि वरच्या बाजूला शेवाळ तुटलेलं, ते आपले. एकावर तू हटून बसलीस, "हा नाही." मी म्हटलं, "हाच." तो नव्हता, नंतर माझ्याही लक्षात आलं, पण तुला सांगितलं नाही. आता सांगते.

पेटी भरली. पुढून मी, मागून तू. उतारावर निघालो ओढ्याकडे. सबंध वेळ तू बोलत होतीस. "वहिनी हळू." "वहिनी, माझ्या बाजूला जड आहे." अगं, उतारावर पुढच्याला जड असतं! माझे हात सुटायला आले तरी मी गप्प होते.

आणि मग त्या पडक्या भिंतीपाशी तू तुझी बाजू सोडून दिलीस. सांगितलं नाहीस, टेकवलीही नाहीस नीट. धप्प. माझं नख गेलं.

मी म्हटलं, "उचल."

तू म्हणालीस, "नाही उचलत."

"ओढा अजून खाली आहे."

"असू दे. माझ्याने होत नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे, माझे बूट माझे नाहीत, आणि मी दमले."

मी म्हटलं, "दमायला काय झालं? सतरा जणी घेऊन वर चढलीस तेव्हा दमली नाहीस ती!" आणि तू त्या ओल्या गवतात फतकल मारून बसलीस आणि म्हणालीस, "तू पण दमलीयेस म्हातारे, फक्त तुझं तोंड दमत नाही."

एवढंच झालं. शांत चित्त वगैरे काही नव्हतं. सुंदरही काही नाही तिथे, मेंढ्यांची लेंडकं आणि वारा. मीही बसले, कारण माझंही खरंच होत नव्हतं. नंतर मीच उठून पेटीतले दगड काढायला लागले, कारण तिथे टेकवलं होतं. जिथे दमले तिथे रास, रीत तीच आहे, ती काही मी काढलेली नाही. पांढरा तू वर ठेवायला निघालीस, मी काढून खाली घातला. वर राहिला तर पुन्हा कुणीतरी पर्थवाली उचलून नेईल.

तेव्हा पुढच्या अंकात नीट छाप. 'तिथे बेथिया दमली' असं छाप. नाहीतर छापूच नकोस.

कबरीच्या दगडाचं. पाथरवटाला सांगायचं तर सांग. 'प्रिय' नको, 'स्मरणार्थ' नको, फुलं कोरायची नाहीत. 'मर्डिनाचा नवरा'. एवढंच. नाव मी लिहून देते तसंच कोरायला सांग, माझं नाव सगळे चुकवतात.

आता राहिलं ते. टपालगाडीच्या खिडकीतून तू ओरडून विचारलंस, ड्रायव्हरसकट सगळ्यांनी ऐकलं. तू भिंतीपलीकडे बूट काढून खडे झाडत होतीस, तेव्हा मी त्या राशीपाशी वाकून काय बोलले? पत्रात तेच पुन्हा विचारलंयस, शेवटच्या ओळीत, खाली रेघ मारून.

सांगणार नाही. रेघा मार हव्या तेवढ्या.

मर्डिना